मुका दिवस

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही आणि दारारा विहीर आणखी एक माणूस खोल गेली. बोराना गुराख्यांच्या मुलखात विहिरीची खोली माणसांतच सांगतात. तळाशी पाण्यात एक जण उभा राहतो, त्याच्या डोक्यावरच्या कपारीत दुसरा, त्याच्या वर तिसरा, आणि कातडी पोहरे हातोहात वर जातात. मागल्या साली सहा जण पुरत होते. यंदा सात लागू लागले.

एलेमा खालून तिसरी, कपारीत उभी असे. पन्नाशी उलटलेली बाई, पण खांदे अजून बैलाचे. खालून भरलेला पोहरा आला की कमरेतून झोक देऊन तो डोक्यावर न्यायचा, वरचे हात तो उचलायचे आणि उलट्या वाटेनं रिकामा पोहरा तिच्या हातात यायचा. गाणं चालू असलं की हात आपोआप चालतात. गाणं थांबलं की खांदे बोलायला लागतात. म्हणून दारारावर सकाळी गाणं सुरू झालं की दिवस कलेपर्यंत थांबत नसे.

तिच्या खालच्या कपारीत आता बुके नावाची विधवा उभी राहायची. बुकेचे हात चांगले होते, तक्रार करायला जागा नव्हती. पण ती कपार सहा वर्षांपूर्वी एलेमाच्या मुलाची, बोनायाची होती. त्याच्या डाव्या मनगटावर लहानपणी भाजल्याचा डाग होता. वाकून पोहरा घेताना पहिल्यांदा तो डाग दिसायचा. अजूनही एलेमा वाकली की तिचे डोळे तो डाग शोधत. दिवसाला तीनशे पोहरे वर गेले, तर तीनशे वेळा शोधत. याची तिला लाजही वाटायची, पण डोळ्यांना कोण समजावणार?

वर, गुरांच्या पाण्याच्या डोणीच्या काठाला, तिचा नवरा हलाके काठी घेऊन उभा असायचा. तो विहिरीच्या पाळीचा बाप होता. कुणाचं खिल्लार कधी पिणार हे तो सांगायचा, आणि त्यानं सांगितलं की झालं. दाराराची खिल्लारं तीन वाट्यांत विभागलेली होती. आज एका वाट्यानं प्यायचं, उद्या दुसऱ्यानं, परवा तिसऱ्यानं, मग पुन्हा पहिला. म्हणजे प्रत्येक गाय दर तिसऱ्या दिवशी पाणी पिणार. उन्हाळ्यात बोराना गाय तेवढं सोसते. त्याच्या वर दोन-तीन दिवस गेले की ती बसते, आणि बसलेली गाय उठवायला चार माणसं लागतात.

हलाकेच्या हिशेबात खोट काढायची कुणाची छाती नव्हती. सख्ख्या भावाचं खिल्लार त्यानं एकदा डोणीपासून परत फिरवलं होतं. लोक म्हणत, हलाकेला मध्यावर कापलं तर आत काठीच निघेल. तो हे ऐकायचा आणि मनातून सुखावायचा.

त्या दिवशी उन्हं चढली तेव्हा गोलिचा आला. गोलिचा म्हणजे एलेमाच्या बहिणीचा नवरा. हरवलेल्या उंटिणीच्या मागं मागं दक्षिणेच्या माळापर्यंत जाऊन आलेला, धुळीनं पांढरा झालेला. त्यानं रीतीप्रमाणं सगळ्यांची, गुरांची, गवताची खुशाली विचारली. सगळं वाईट चाललेलं असतानाही सगळ्यांनी "बरं हाय, शांती हाय" असंच सांगितलं. मग त्यानं कमरेची गाठ सोडून तंबाखूची एक गोळी आणि मूठभर कॉफीचे दाणे हलाकेच्या पुढ्यात धरले.

"कुणाकडनं?" हलाकेनं विचारलं.

"बोनायाकडनं. तिकडच्या विहिरी आटल्या. पंचेचाळीस गुरं घेऊन निघालाय. पाळी मागतोय."

हलाकेचा हात पुढं आला तसा गोलिचा जरा घुटमळला. "अजून एक बोललाय. बोललंच पाहिजे, बोलायचं कबूल केलंय."

"बोल की."

"म्हणाला, ही तंबाखू पाळीच्या बापासाठी हाय. माज्या बापासाठी न्हाई."

डोणीवरची माणसं गुरांकडं बघू लागली. हलाकेनं तंबाखू घेतली, वास घेतला, कानावरच्या फडक्यात खोचली. "परवा," तो म्हणाला. "तिसऱ्या वाट्यात. शेवटची पाळी." आणि काठीनं पुढच्या खिल्लाराला खूण केली.

खाली विहिरीत ही बातमी पोहऱ्याबरोबर उतरली. एलेमाच्या वरच्या कपारीतला माणूस गाण्याच्या मधेच ओरडला, "एलेमा, तुजा लेक येतोय!" तिच्या हातातला भरला पोहरा हिंदकळला आणि बुकेच्या डोक्यावर सांडला.

"सांड, सांड," बुके खालून म्हणाली. "दोन महिन्यांनी अंघोळ झाली माजी."

घरी आल्यावर एलेमानं दुधाची विणलेली भांडी स्वच्छ करायला धुराला लावली. त्या दिवसांत सगळ्या गाईंचं मिळून भांडंभर दूध निघत नव्हतं, तरी तिनं पाच भांडी काढली. हलाके दाराशी बसून बघत होता.

"दूध कुठाय एवढं?" तो म्हणाला.

"भांडी तर असू द्या."

 त्यालाही ती भांडी बघायला बरं वाटत होतं, हे त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

बाप-लेकाचं जे झालं ते एका दिवसावरून झालं. दारारावर म्हातारं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी विहीर गप्प ठेवतात. गाणं नाही, पोहरा नाही, पाणी नाही. त्याला मुका दिवस म्हणतात. सहा वर्षांपूर्वी असाच एक मुका दिवस नेमका तिसऱ्या वाट्याच्या पाळीवर पडला. हलाकेनं निवाडा दिला, दिवस उगवला म्हणजे मोजला. तिसऱ्या वाट्याची पाळी गेली, आता तीन दिवसांनी. त्याची स्वतःची गुरंही तिसऱ्याच वाट्यात होती, तीही तहानली, म्हणून कुणी ब्र काढला नाही. पण घरची गुरं विहिरीपासून हाकेवर होती. बोनाया लांबच्या चाऱ्यावरून दोन दिवस चालून आला होता. तो सगळ्यांसमोर बापाला म्हणाला, "ज्या दिवशी कुणीच प्यालं न्हाई, तो दिवस गाईच्या घशानं कसा मोजायचा?" हलाके म्हणाला, "घसा मोजत न्हाई. मी मोजतो." बोनायाच्या सतरा गाई त्या तीन दिवसांत बसल्या त्या उठल्या नाहीत. उरलेली गुरं आणि बायको घेऊन तो दक्षिणेला गेला. जाताना आईच्या पाया पडला, बापाच्या काठीवरून पाय टाकून गेला.

त्यानंतर हलाकेनं तो नियम कधी सोडला नाही. सोडता येणार तरी कसा? सोडला असता तर सतरा गाई उगाच मेल्या असं झालं असतं. गेल्या साली त्याच नियमात बुकेच्या चारपैकी तीन गाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हातारा तादी गेला. तादीच्या आज्यानं दारारा खणली होती. विहीर त्या घराण्याची. बातमी कळली तेव्हा एलेमा शेण काढत होती. ती तशीच उभी राहिली. आज तादी गेला, म्हणजे उद्या मुका दिवस. आणि उद्या तिसऱ्या वाट्याची पाळी.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "असं कसं वो झालं?"

 हिशेब त्यानं तिच्या आधीच केला होता.

"आता काय करायचं?"

"बघू."

"बघू काय? गुरं दोन दिवस चालून येत्यात. तीन दिवस आणखी थांबतील व्हय ती?" तिनं शेणाचे हात लुगड्याला पुसले. "परक्याची पाळी द्या की त्याला. तुमचा हक्क हाय तो. वाटसरूचं खिल्लार कुणाच्याबी दिवशी शेवटाला पाजता येतं. परवा पहिल्या वाट्याच्या मागनं पाजा."

हे हलाकेलाही सुचलं होतं. नियमाला धक्का न लावता मुलगा घरी येण्याची ती एकच फट होती. त्यानं गोलिचाला बोलावलं, आणि गोलिचा पहाटेच बोनायाला गाठायला निघाला.

मुक्या दिवशी सकाळी तादीला पुरलं, वर दगड रचले. सगळी वस्ती गुपचूप परतली. गाण्याशिवाय दारारा ओळखू येत नव्हती. तहानलेली गुरं मात्र दुरून हंबरत होती, त्यांना कोण मेलंय हे माहीत नव्हतं. मुक्या दिवशी एकच काम चालतं, ते डोणीला माती लावायचं. बुके एकटीच चिखल तुडवत होती. हलाके तिथं गेला आणि डोणीच्या कडेला टेकला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"लेकाचा निरोप आला का?" बुकेनं पाय न थांबवता विचारलं.

"न्हाई अजून."

ती तुडवत राहिली. चिखलात भेगा पडलेल्या टाचा रुतत होत्या, निघत होत्या. मग म्हणाली, "माज्या गाई गेल्या तवा तुमी येऊन माज्यापाशी दिवसभर बसला होता. आठवतंय?"

"आठवतंय."

"काय म्हणाला होता ते आठवतंय?"

हलाके डोणीवरची सुकलेली माती नखानं खरवडू लागला.

"म्हणाला होता, बुके, हे मी केलं न्हाई, हिशेबानं केलं. मी म्हटलं असंल बाबा. हिशेबापुढं रडून काय मिळतंय? त्याला कान न्हाईत." तिनं ओंजळभर माती डोणीला थापली. "पण परवापासनं डोक्यात एक किडा शिरलाय. इचारू का?"

"इचार."

"दिवस कशाचा मोजता तुमी? ऊन उगवल्याचा, का पाणी प्यायल्याचा?"

"उगवल्याचा."

"मग ह्या पाळ्या उन्हाच्या हायेत का गुरांच्या?"

हलाके हसणार होता, पण हसू आलं नाही.

"मी आडाणी बाई," बुके म्हणाली. "पण आपण तीन दिवस का मोजतो? गाय तीन दिवसच दम काढती म्हणून. आजची गाय प्यायली न्हाई, म्हंजे तिची पाळी झालीच न्हाई. ह्यात दया कुठाय, माया कुठाय? साधा हिशेब हाय. तुमचाच. फक्त तुमी तो चुकला."

तिच्या बोलण्यात राग असता तर हलाकेला सोपं गेलं असतं. ती जणू फुटक्या भांड्याला बोट लावून दाखवत होती. आपण आयुष्यभर ज्याला हिशेब म्हणत आलो तो आपला हट्ट होता, आणि लेक ज्या दिवशी तळमळून बोलला त्या दिवशी खरा हिशेब तोच मांडत होता, हे त्याच्या ध्यानात आलं.  सहा वर्षं. सतरा गाई, आणि हिच्या तीन.

दुपारी गोलिचा परतला. एलेमानं त्याला पाणी द्यायच्या आधीच विचारलं, "येतोय न्हवं?"

गोलिचानं मान हलवली. "भेटला. पुढच्या टेकडीच्या बाभळींखाली थांबलाय. गुरांच्या माना लोंबल्यात. सगळं सांगितलं त्याला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, बापाच्या विहिरीवर परका म्हणून पाणी पिणार न्हाई."

"मग?"

"म्हणाला, मुका दिवस मोजला का न्हाई, एवढंच कळवा. मोजला असंल तर उद्या उजाडताच मी पच्छिमेच्या विहिरीकडं निघतो. दोन दिवस लागतील. जी पोचतील ती पोचतील." गोलिचा नवरा-बायकोकडं आळीपाळीनं बघत राहिला. "खाण तशी माती. मी काय बोलणार?"

एलेमा भांड्यांपाशी बसली.  आडव्या ठेवलेल्या पाच रिकाम्या भांड्यांवर तिनं हात फिरवला. "एकदा बगायचा होता वो," ती म्हणाली. "नुसता बगायचा होता. डाग हाय का न्हाई हातावर, एवढं."

हलाके काठी घेऊन उठला.

"कुठं निघाला?"

"मोठ्या झाडाखाली. लोक जमल्यात."

"काय सांगणार हाय?"

"चुकलं म्हणून सांगणार हाय."

ती त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

मोठ्या बाभळीखाली पंधरा-वीस बाप्ये बसले होते. तादीचा थोरला मुलगा दबासो मधोमध, डोकं भादरलेला. तुपात तळलेल्या कॉफीच्या दाण्यांचं वाडगं फिरत होतं. हलाकेनं वाडग्याला हात लावला नाही. उभ्यानंच बोलला, "मुका दिवस मोजायचा न्हाई. उद्या तिसरा वाटा पिणार. पहिला परवा, दुसरा तेरवा."

पहिल्या वाट्याचा हुका ताडकन उठला. हुका लांबोडका, जिभेचा तिखट माणूस, आणि त्या दिवशी त्याची बाजू लंगडी नव्हती. "उद्या माजी पाळी हाय! सहा वर्षं दिवस मोजला, आज मोजायचा न्हाई? का? आपला तो बाब्या आन् दुसऱ्याचं ते कार्टं व्हय?"

दोघंचौघं हसले. 

"आज का कळलं तुला?" हुका म्हणाला. "लेक टेकडीवर येऊन बसला तवा?"

"व्हय," हलाके म्हणाला. "लेक येऊन बसला तवाच कळलं. तो आला नसता तर मरंपर्यंत कळलं नसतं. पण मला कशामुळं कळलं ते सोडा. खरं का खोटं तेवढं बगा. जी गाय प्यायली न्हाई तिची पाळी झाली का?"

"मग इतकी वर्षं काय केलंस?"

"चुकी केली."

"आन् बुकेच्या गाई?"

"त्याच चुकीत गेल्या."

आता कुणी हसलं नाही. हलाकेनं काठी दबासोच्या पायाशी ठेवली. आडवी ठेवली, म्हणजे परत मागणार नाही अशी. "माज्या लेकाची गोष्ट हाय, म्हणून माज्या शब्दाला वजन न्हाई. हुका बोलतो ते बरोबर हाय. मी निवाडा देत न्हाई. ज्यांचं नुकसान झालं त्यांना इचारा."

बायका बैठकीत बोलत नाहीत, पण झाडामागं बसून ऐकायला त्यांना कुणी हटकत नाही. दबासोनं बुकेला पुढं बोलावलं. ती चिखलाच्या पायांनी आली, आणि खाली बघत एवढंच म्हणाली, "दिवस मोजायचा न्हाई. ह्याचा लेक असो का हुकाचा, का कुणाचा नसो."

दबासोनं काठी उचलून आपल्याजवळ घेतली. मग बैठकीनं ठरवलं. मुका दिवस यापुढं मोजायचा नाही. हुकाची गुरं एक दिवस थांबतील. लांबून चालून आलेली नाहीत, थांबू शकतील. हलाकेची काठी गेली. काठीबरोबर पहिलं पिण्याचा मानही गेला. त्याचं खिल्लार वाट्यात सगळ्यांच्या शेवटी लागेल. आणि बुकेला त्यानं एक गाय द्यायची.

"कोणती?" दबासोनं विचारलं.

झाडामागून एलेमाचा आवाज आला. "पांढरी कालवड. गाभण हाय."

ती त्यांच्या गोठ्यातली सगळ्यात चांगली होती. हलाकेनं मान डोलावली. हुका जाताना त्याच्या बाजूला थुंकला, मग जरा पुढं जाऊन थांबला आणि म्हणाला, "उद्या तळाला कोण उभं ऱ्हाणार? तादीचा नातू सुतकात हाय." हलाके म्हणाला, "मी उतरतो."

तळाला उतरायचं काम पंचविशीतल्या गड्यांचं. साठीचा हलाके सकाळी कपारी धरत धरत उतरला तेव्हा गुडघे कुरकुरत होते. एलेमाच्या कपारीपाशी जागा अरुंद होती. तिच्या अंगाला घासून पलीकडं जाताना तिनं त्याच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला. खाली गार अंधार होता. मांडीइतकं पाणी, पायाखाली गाळ, आणि वर बघितलं तर ताटलीएवढं आभाळ. तीस वर्षं त्यानं या विहिरीचा हिशेब ठेवला, पण तळातून ती कशी दिसते हे तो विसरून गेला होता.

गाणं सुरू झालं. त्यानं पोहरा बुडवला, उचलला, वर बुकेच्या हातात दिला. पन्नास पोहऱ्यांनंतर हात आपले राहिले नाहीत. शंभरानंतर तो मोजायचा थांबला. एकामागून एक खिल्लारं पिऊन जात होती, खाली त्याला फक्त खुरांचा दबका आवाज आणि वरून गळणारं पाणी. दिवस कलला असावा, कारण ताटलीतलं आभाळ पिवळसर झालं होतं, तेव्हा वर नव्या गुरांचं हंबरणं ऐकू आलं. कोरड्या, फाटक्या घशांचं. आणि त्यात एक आवाज उठला.

बोराना माणूस डोणीवर आपल्या गुरांना नावानं गाऊन बोलावतो. आवाज जाड झाला होता, थकलेला होता, पण दुसऱ्या कुणाचा नव्हता. एलेमाच्या कपारीत पोहरा एक क्षण अडकला, मग पुढं गेला. वर बोनाया एकेका गाईला हाक घालत होता, तिची आई कोण, आजी कोण, कोणत्या दुष्काळातून वाचली, सगळं गाण्यात. मग तो म्हणाला, ये गं तांबडे, तांबडीच्या लेकी, तांबडीच्या नाती, बापानं नाळेला बांधलेल्या गाईच्या पोटच्या, ये, पाणी गार हाय.

हलाके पाण्यात उभ्याचा उभा राहिला. मुलाचं नाव ठेवायच्या दिवशी बाप त्याला एक गाय देतो, तिला नाळेची गाय म्हणतात. बोनायाची तांबडी त्यानं स्वतःच्या हातानं निवडली होती. तिचा वंश त्या सतरांत संपला असं तो सहा वर्षं धरून चालला होता, आणि विचारायची सोय नव्हती.

"पोहरा!" बुके वरून ओरडली. "पोहरा द्या की!"

त्यानं दिला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते आणि त्या अंधारात पुसायची गरजही नव्हती.

शेवटची गाय पिऊन झाली की खिल्लाराचा धनी विहिरीच्या तोंडाशी येतो आणि तळाच्या माणसाला हाक देतो. ती रीतच आहे, कारण सगळ्यात जास्त तोच खपलेला असतो आणि तो कुणाला दिसत नाही. ताटलीतल्या आभाळात एक डोकं आलं.

"तळाला कोण हाय?" बोनायानं हाक दिली. "तुजे हात गार राहू दे!"

तळाच्या माणसानं नाव सांगायचं असतं. हलाकेच्या तोंडून शब्द फुटेना. गाणं थांबलं होतं. एकाही कपारीत कुणी हललं नाही.

"कोण हाय रं?"

"तुजा बाप हाय," एलेमा म्हणाली.

वरचं डोकं तसंच राहिलं. मग दिसेनासं झालं. हलाकेला वाटलं, गेला. नियम बरोबर झाला, पाणी मिळालं, आता कशाला थांबेल? त्यानं पोहरा बुडवला. आता शेवटी त्याचीच गुरं होती आणि ती पाजायलाच हवी होती.

"मला वर जाऊ द्या आता," बुके म्हणाली. "माजी कालवड वर हाय." ती कपारी धरत चढून गेली. तिची कपार मोकळी राहिली. तेवढ्यात वरून माती सुटून पाण्यात पडली. कुणीतरी उतरत होतं. एकेका कपारीतली माणसं अंग चोरून वाट देत होती. एलेमाच्या कपारीशी पाय थांबले, आणि बराच वेळ थांबून राहिले. खालून हलाकेला दोघांचे पायच दिसत होते, जवळजवळ. तिनं त्याचं मनगट धरून उजेडाकडं फिरवलं असावं, कारण तिचा आवाज आला, "हाय गं बाई, हाय."

मग बोनाया पाण्यात उतरला. दोघांना उभं राहायला जागा पुरत नव्हती. त्याच्या अंगाला लांबच्या धुळीचा आणि गुरांचा वास होता. त्यानं बापाकडं बघितलं नाही, बापाच्या हातातल्या पोहऱ्याकडं बघितलं.

"सरका," तो म्हणाला.

हलाके सरकला, आणि वर बुकेच्या मोकळ्या कपारीत चढला. मुलाच्या जुन्या जागेत. त्याच्या वर एलेमा होती, खाली बोनाया. वरून कुणीतरी गाणं उचललं, घोगरं, अर्ध्यातूनच.

बोनायानं पोहरा भरला आणि वर धरला. डावं मनगट पुढं आलं.

"किती गुरं हायेत, आबा?" त्यानं विचारलं. "किती पोहरे लागतील?"

हलाकेनं पोहरा घेतला. "मोजली न्हाईत," तो म्हणाला, आणि पोहरा वर एलेमाच्या हातात दिला.